शिंप्याचे दात आणि तुमचा लगाम

सन्माननीय मेहुणे, तथा दातांचे डॉक्टर, यांस शिंपी दाजींचा नमस्कार. तुमची प्रकृती, दवाखाना आणि पेशंटच्या तोंडात हात घालून त्यालाच प्रश्न विचारायची सवय, तिन्ही उत्तम असतील असं धरून चालतो. इकडे मी ठणठणीत. तुमच्या बहिणीची तब्येत बरी म्हणायची (तिचं खाली लिहिलंय).

घोरणं थांबावं आणि झोपेत श्वास अडकू नये म्हणून पाच वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या तोंडात जो लगाम बसवलात, त्याबद्दल हे पत्र. (तुम्ही काहीतरी भारदस्त नाव सांगितलं होतंत. रात्रभर खालचा जबडा पुढे ओढून धरतो, त्याला आम्ही लगामच म्हणतो.) 'सवय होईल, दाजी,' म्हणालात. झाली. इतकी झाली की जबडा आता दिवसाही मागे जायला तयार नाही. वरचे दात आणि खालचे दात भांडण झालेल्या जावांसारखे एकमेकांना भेटतच नाहीत.

शिंप्याला दात कशाला लागतात, हे तुम्हाला कोण सांगणार? टाका घातला की दोरा दाताने तोडायचा, तीस वर्षांची सवय आहे. (कात्री गळ्यात असते की, म्हणाल. आयुष्यात एक बटण तरी लावलंय?) परवा बँकेचे मॅनेजर कोटाची ट्रायल द्यायला आले. कॉलरला दोरा लोंबत होता. मी वाकून चावला, सुटला. पुन्हा चावला, पुन्हा सुटला. चिडून ओढला, तर कच्चा टाका सरसर उसवला आणि कॉलर माझ्या तोंडात राहिली. साहेब शांतपणे म्हणाले, "मास्तर, कापड चवीला कसं आहे?" दुकानभर हशा. तुमच्या विद्येने माझी ही शोभा झाली.

दर सहा महिन्यांनी दाखवायला या, म्हणाला होतात, कबूल. पण फिटिंग ढिलं झालं की गिऱ्हाइकाला हेलपाटे घालायला लावायचे, ही कसली कारागिरी? म्हणून शिलाई मशीनच्या स्क्रूड्रायव्हरने लगामाचे दोन्ही बाजूंचे स्क्रू मीच जरा आवळले. जबडा आणखी पुढे आला, घोरणं आणखी कमी झालं, म्हणून पुन्हा आवळले. नंतर सवयच लागली. तरी दोष तुमचाच; आवळता येतो तो स्क्रू माणूस आवळणारच. त्या ट्रायलच्या दिवशी मात्र डोकं फिरलं आणि मी लगाम गरम इस्त्रीखाली दिला. आता तो सपाट आहे. राग नसावा (मला आहे).

तुमचे,
दाजी

ता. क. इस्त्रीचं तुमच्या बहिणीला बोलू नका. लगाम आपोआप मोडला असं सांगितलंय.

आणखी ता. क. तेव्हापासून ती झोपत नाही. माझ्या नाकाखाली बोट धरून बसते, श्वास अडकला की गदागदा हलवते. काल भरदुपारी काजं करता करता तिचा डोळा लागला. दचकून उठली आणि आधी माझ्या नाकाखाली बोट धरलं. मी मशीनवर पँट शिवत होतो. मला ते बघवलं नाही. नवा लगाम करा, माप द्यायला मी येतोच आहे.

शेवटचं. या खेपेला स्क्रू मला सापडणार नाहीत असे बसवा.