अक्का, एकदाची उतर

ती. अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे दिवसा सगळे ठणठणीत आहेत. रात्रीचं विचारू नकोस. म्हणजे विचारच, कारण पत्र त्यासाठीच आहे.

गेले काही महिने मला एकच स्वप्न पडतं. मी बस चालवतोय, उतार लागतो आणि ब्रेक थेट तळाला जातो. मी बोंब ठोकून उठतो, शेजारचे गुरुजी भिंतीवर काठी आपटतात. झोपेचं असं खोबरं झालेलं पाहून डेपोच्या साहेबांनी मला गाडीवरून काढून प्रवाशांच्या विसरलेल्या छत्र्या सांभाळायला बसवलंय. (इतकी वर्षं माणसं सुखरूप पोचवली, त्याचं हे फळ.) डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्वप्नापासून पळू नका. दिवसा, जागेपणी तेच आठवा, शेवट मनासारखा करा आणि रोज घोका. झोप सुधारली की गाडी परत मिळेल.

हे तुझ्या भावजयीच्या कानावर पडलं आणि बाहेरच्या खोलीत खुर्च्यांची रांग लागली. पुढे मी, हातात परातीचं स्टिअरिंग. ती कंडक्टर. गुरुजी प्रवासी. (भिंतीपलीकडून ऐकण्यापेक्षा हे बरं, म्हणतात.) मी ब्रेक दाबायचा, सगळ्यांनी सावकाश उतरायचं, एवढंच काम, पण गुरुजी पास आहे म्हणून तिकीट काढेनात आणि ही त्यांना उतरू देईना. पहिले काही दिवस बस भांडणामुळेच थांबत होती.

पण गुण आला! स्वप्नातही ब्रेक लागला. सगळे उतरले. एकटी तू मागच्या सीटवर, संत्रं सोलत. मी म्हटलं, अक्का, उतर. तर तू म्हणालीस, "मला कुठं घाई आहे? घे पुढं!" तुझा शब्द मोडायची माझी लहानपणापासून टाप नाही. घेतली पुढे. पुढे उतार, आणि ब्रेक गेला.

तेव्हा चार दिवस ये, आमच्या खुर्चीवर बस आणि सगळ्यांदेखत एकदाची उतर. भावाच्या नोकरीचा प्रश्न आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. मागची खुर्ची तुझ्यासाठी राखून ठेवलीय. ही गुरुजींनाही तिथे टेकू देत नाही.

आणखी एक ता. क. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. मागच्या महिन्यातच स्वप्नात तू आपणहून उतरलीस आणि मागे वळूनही न बघता गेलीस. आता गाढ झोपतो, गाडीही परत मिळाली. स्वप्न पडायचं थांबलंय. पण अक्का, त्यामुळे तूही दिसेनाशी झालीस. ये ना.