नंदीचा डावा डोळा

मी, गुंजन श्रावण गुरनुले, वय सव्वीस, धंदा भिंती रंगवणे, मूळ राहणार नाचणगाव, सध्या मुक्काम पिपरी मेघे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दबावाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. पाय ठिकाणावर नसतात, पण कायदा पायांबद्दल काही विचारत नाही, असे दिपालीने सांगितले. दिपाली माझ्यासोबत खोलीत राहते, झेरॉक्सच्या दुकानात काम करते आणि असले कागद रोज पाहते.

लिहिण्याचे कारण असे की, उद्यापासून मला इथल्या पाण्याच्या उंच टाकीवर दोराने लटकून चित्र काढायचे आहे. ठेकेदाराने 'वर जे होईल त्याला मीच जबाबदार' असा छापील कागद सहीसाठी पुढे केला. म्हटले, जबाबदारी घ्यायचीच तर आपल्या अक्षरात घेऊ. आईला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, "लगन कर म्हटलं तं मृत्युपत्र करून राह्यली! कोणाले काय देशीन वो, तुह्याजवळ हाये काय?"

तर जे आहे ते खालीलप्रमाणे.

१) नाचणगावच्या मळ्यात माझा हिस्सा निघत असल्यास तो, वांग्यांच्या वाफ्यांसह, भाऊ धीरज याला द्यावा. लहानपणी त्याने माझी रंगपेटी विहिरीत टाकली आणि आठ दिवस 'मोटारीतून हिरवं पाणी येऊन राह्यलं' असे गावभर सांगत फिरला. तो गुन्हा आज माफ केला आहे. माझी लुनाही त्यालाच. ती फक्त उतारावर सुरू होते, हे त्याने समजून घ्यावे.

२) बँकेत जे असेल ते आई देवकाबाई हिला. अट एकच, तिने त्यातून मंगळसूत्राला सोने जोडू नये, समुद्र पाहून यावा. मी सतराव्या वर्षी, दहावीचा दुसऱ्यांदा निकाल लागायच्या आधी, रायपूरला मावशीकडे म्हणून निघाले ती थेट पुरीला उतरले. तीन महिने होड्यांवर मासे रंगवले. एक म्हातारा होडीवाला मी माशाचा डोळा काढेपर्यंत शेजारी बसायचा आणि डोळा झाला की मला हाताने बाजूला सारायचा. जणू आता मासा त्याचा झाला. मला आधी राग यायचा, मग मजा वाटू लागली. असो, विषय आईचा चालला होता. तिने खिडकीची जागा घ्यावी.

३) पुलगाव रस्त्यावरच्या धाबेवाल्याला माझ्याकडून एवढेच, की त्याच्या भिंतीवर मी काढलेला तो वाघच आहे. मांजर म्हणून त्याने चार गिऱ्हाइकांसमोर माझी फजिती केली होती. आता लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

४) टाकीवर हात-पाय असलेला, हसरा पाण्याचा थेंब काढायची ऑर्डर आहे. काम अर्धवट राहिल्यास जो कोणी पुढे करेल त्याने थेंबाला मिशा काढू नयेत. ठेकेदाराच्या मनात ते आहे.

५) दोन नंबरचा बारीक ब्रश, ज्याच्या दांड्याला निळा दोरा गुंडाळलेला आहे, तो सिंदी (रेल्वे) येथील मधुकरराव झाडे पेंटर यांना परत द्यावा. माझ्याजवळची खरी मोलाची वस्तू हीच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी त्यांना काका म्हणते. पुरीहून परत आल्यावर सिंदीत त्यांच्या हाताखाली पाच वर्षे शिकले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरे आपापले लाकडी बैल घेऊन निघतात, आणि काकांच्या गल्लीचा नंदी तर माणसापेक्षा उंच, चाकांवरचा. त्याचे बाकी रंगकाम आठवडाभर चालते, पण डोळे त्याच सकाळी काढायचे, सगळ्यांसमोर. याला डोळे उघडणे म्हणतात. गल्लीचा नियम आहे की उघडलेल्या डोळ्याला दुसऱ्यांदा ब्रश लावायचा नाही. चाळीस वर्षे डोळे काकांनीच उघडले.

२०२२ साली त्यांचा हात थरथर कापला. डाव्या डोळ्याचे बुबुळ वर सरकले आणि नंदी आभाळात पतंग शोधतोय असे दिसू लागले. पोरे हसली. काका चहाला गेले तेवढ्यात मी बुबुळ खाली आणले. मला वाटले, त्यांची लाज राखली.

ते आले, पाहत राहिले.

"कोणं हात लावला?"

"मी, काका. थोडा तिरपा झालता."

"तिरपा झालता, पण उघडला होता ना?"

एवढे बोलून त्यांनी हा ब्रश माझ्या हातात दिला आणि घरी गेले. मला वाटले, वारसा मिळाला. मिळाली होती सुट्टी. त्यानंतरची दोन वर्षे त्यांनी डोळे काढले नाहीत आणि माझी तिकडे जायची हिंमत झाली नाही. नंदीला आता फ्लेक्सच्या दुकानातून स्टिकरचे डोळे आणतात. अगदी सारखे असतात. कोणाकडेच पाहत नाहीत.

तरी ब्रश काकांना द्यावा आणि माझी शेवटची इच्छा म्हणून यंदा डोळे त्यांनीच उघडावेत, हात कापो की न कापो.

६) चित्र काढता येणे हे कोणाला द्यावे, हेही लिहायचे होते. दिपाली म्हणते, फक्त स्वतःची मालमत्ता लिहिता येते. तसे पाहिले तर ते माझे नाहीच. काकांनी मला दिले, आणि देऊनही त्यांच्याजवळचे कमी झाले नाही. अशा वस्तूला कलम कसे लावतात ते तिलाही माहीत नाही. सोडून देते.

दुरुस्ती, त्याच दिवशी दुपारी:

साक्षीदार दोन लागतात. एक दिपाली. दुसऱ्यासाठी मी काकांना फोन केला. अडीच वर्षांत पहिल्यांदा. "काका, साक्षीदार पायजे," एवढेच म्हटले. ते पुढच्याच गाडीने आले. झेरॉक्सच्या दुकानात स्टुलावर बसून त्यांनी सगळे वाचले. कलम ५ दोनदा वाचले.

"मी एकाहत्तरचा, तू सव्वीसची. अन् मराची वाट पाहून मले ब्रश देऊन राह्यली? आत्ताच दे ना वो."

"काका, चुकलं माह्यं. तवाच सांगाले येणार होती."

"मंग काऊन नाई आली? सिंदीले गाडी थांबत नाई का?"

दिपालीने उगाच स्टेपलर शोधला. मग काका टाकीपाशी गेले, दोर ओढून पाहिला, दोन गाठी सोडून पुन्हा बांधल्या आणि ठेकेदाराला म्हणाले, "दुसरा दोर आल्याबिगर पोरगी वर जाणार नाई." ठेकेदार दोर आणायला गेला. मिशांचा विषयही निघाला नाही.

परत येताना मी विचारले, "यंदा नंदीचे डोळे?"

"डावा मी, उजवा तू."

"सारखे नाई येणार, काका."

"माह्ये दोन पाय तरी कुठं सारखे हायेत? चालतोच ना मी."

सबब कलम ५ रद्द. ब्रश आज रोजी मालकाच्या खिशात आहे. बाकी कलमे कायम, पण त्यांची अंमलबजावणी निदान तान्हा पोळा होईपर्यंत होऊ नये, अशी माझी खटपट राहील.

ठिकाण: पिपरी मेघे, जि. वर्धा
दिनांक: १७ एप्रिल २०२५

लिहून देणार: गुंजन श्रावण गुरनुले (सही)

साक्षीदार १: दिपाली प्रभाकरराव वैरागडे (सही)
साक्षीदार २: मधुकरराव झाडे, पेंटर (सही)

टीप: साक्षीदार २ यांच्या सहीची शेवटची रेघ थरथरून चौकटीच्या बाहेर गेली आहे. ते दुसरा कागद मागत होते, मी दिला नाही. ही खाडाखोड समजू नये. सही झालेली आहे. तिला कोणीही दुसऱ्यांदा हात लावू नये.