चुंगशेठच्या नावानं शोधलं तर

५ मार्च, ताइतुंग

नाही! अजूनही नाही! ‘चुंग ते-माओ सोया सॉस’ टाकलं की त्याचंच दुकान, त्याचंच थोबाड, गळ्यात ते पदक. पार तळापर्यंत खाली गेले. माझं पान कुठेच नाही.

आणि सर्चवाल्यांच्या तपासणीत पत्ता टाकला तर हिरवी खूण! पान नोंदलेलं आहे, निकालात दिसू शकतं. दिसू शकतं म्हणे! मग दिसत का नाही, मेल्यांनो?

सगळं लिहूनच ठेवते. राग शिळा होता कामा नये.

माझी पेइ-रुताई शीलुओ गावात चुंगशेठच्या आवारात सॉसचे रांजण सांभाळायची. काळ्या सोयाबीनचा सॉस — महिनोन्महिने उन्हात मुरवायचा, मिठाचा जाड थर, वर झाकण. पावसाचं पाणी आत गेलं की सगळं मातीत. चव तिची, हात तिचे. गेल्या वर्षी सॉसच्या स्पर्धेतलं पदक मात्र या माणसानं स्वतःच्या नावावर घेतलं. ताई बोलली, तर हाकलून दिली. वर बाकीच्या सॉसवाल्यांच्या दारोदार सांगत फिरला — “जाताना माझे रांजण नासवून गेली, सटवी!” आता शीलुओत कुणी तिला आवारात पाऊल टाकू देत नाही. माझी ताई बाजारात कोंबडी तळते!

म्हणून तिच्याच जुन्या साइटवर मी ते पान टाकलं. नावगावासकट. खाली ठळक अक्षरात — माझ्या बहिणीनं रांजण नासवले? पुरावा दाखव!

एप्रिलात माझू देवीची पालखी शीलुओतून जाते. माणसांचा पूर. चालता चालता फोनवर दुकानं शोधतात, घरी न्यायला सॉसच्या बाटल्या घेतात. त्याआधी माझं पान वर यायला हवं. त्याच्या नावानं शोधणाऱ्याला आधी त्याचं पाप दिसू दे, मग दुकान. पालखीच्या दिवशी त्याच्या दारात कुत्रंही फिरकता कामा नये.

७ मार्च

शिव्या! शिव्यांमुळेच असणार. घाणेरडी भाषा असली की पान चाळणीत अडकतं, असं वाचलं. एकेक शिवी काढताना दाढ उपटल्यासारखं झालं. ‘कासवाचं अंडं’ काढून ‘सदर गृहस्थ’ केलं. सदर गृहस्थ! थूः.

११ मार्च

नाही आलं. चाळणी बंद करून शोधलं, तरी नाही.

उडते मासे यायला लागलेत. पहिली होडी आली म्हणून बंदरावर गेले, तर दुपार तिथेच गेली. पंख काय असतात त्यांचे! वाळत घातले की काचेसारखे. एका म्हातारीनं भाजलेला मासा खायला दिला, वर म्हणाली, “कामधंदा नाही का गं तुला?” आहे की — चादरी धुवायचा. हॉस्टेलात ढीग पडला होता. मालकीण बोलली, मीही बोलले. काम सुटलं.

काय लिहीत होते? हां. सूड.

१८ मार्च, चियायी

स्कूटरवरून दक्षिणेला वळसा घालून इथवर आले. पाठीचा पार खुळखुळा झालाय. इथं आ-क्वेइ आहे. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा. आता फोन दुरुस्त करतो, चारपाच देवळांच्या साइटी सांभाळतो, दिवसभर सुपारी चघळतो.

“पान नवीन आहे. धीर धर,” म्हणाला.

“धीर असता तर सूड कशाला घेतला असता?”

“मग लग्न कर. धीर आपोआप येतो.”

बायको आतून ओरडली, “कुणाला आलाय?”

मग नीट बघायला बसला. म्हणाला, तू लिहिलेलं एक अख्खं वाक्य जसंच्या तसं शोध. जगात दुसऱ्या कुणी ते लिहिलेलं नाही, म्हणजे तेवढं तरी यायलाच पाहिजे. शोधलं. शून्य! त्यानं सुपारी थुंकली.

“खाली असणं वेगळं, गायब असणं वेगळं. तुझं खाली नाही. गायब आहे.”

“चुंगशेठनं पैसे चारले!”

“कुणाला? सर्चवाल्यांना? सोया सॉसची पेटी पाठवून?”

हसला मेला. मी नाही हसले.

२० मार्च

ताईला फोन केला. मागे तेल चुरचुरत होतं.

“ताई, तुझं पान दिसतच नाहीये!”

“नसेल दिसत. जेवलीस का?”

“पालखी तोंडावर आलीये!”

“स्कूटरवर रेनकोट घालतेस ना?”

मी हिच्यासाठी जळतेय आणि हिला रेनकोट! हिच्यात आग म्हणून नाहीच. सगळी मलाच आली.

२ एप्रिल

चुंगशेठनं जाहिरात टाकलीये. ‘पदकविजेता सॉस — पालखीच्या दिवशी दुकानात. नावनोंदणी संपली.’ संपली! एवढ्या लोकांनी आधीच नावं दिली!

म्हणजे धडधडीत खोटं बोलत होता ना? ताईनं रांजण नासवले, तर विकणार काय हा? हे पण पानावर लिहिलं. लिहून उपयोग काय! दिसतंय कुणाला!

३ एप्रिल

आ-क्वेइनं शोधून काढलं. सर्चवाल्यांकडे साइटच्या मालकासाठी एक कप्पा असतो — ‘तात्पुरतं लपवा’. अर्ज केला की पान निकालातून सहाएक महिने झाकलं जातं. यादीतून मात्र जात नाही. म्हणून तपासणी आपली हिरवीच.

“बाहेरच्याला नाही जमत हे,” म्हणाला. “चावी कुणाकुणाकडे आहे?”

माझ्याकडे. आणि ताईकडे.

मी असला अर्ज केलेला नाही.

५ एप्रिल

आई-बाबांच्या थडग्यावरचं गवत काढायला आलो. उपटता उपटता, माझ्याकडे न बघता ताई म्हणाली, “झाकणं मीच उघडली होती. धो धो पावसात. त्याच्या रांजणांना हात नाही लावला. पदकाच्या सॉसचे, माझ्या हातचे होते, तेवढेच.”

मी विचारलं, “मग पालखीला तो विकणार काय?”

“साधाच भरणार बाटल्यांत. आणि गेल्या वर्षीची चव जिभेवर असलेली माणसं त्याच्या दारात उभी असणार.” हातातलं गवत तिनं झटकलं. “तुझं पान वाचून ती परतच फिरली असती गं, वेडे.”

तिथेच बसून पान पुसून टाकलं. जाऊ देत लोक त्याच्या दारात. एकूण एक जाऊ देत!