तेवढं पाण्याचं बघा

लोडाय, २ सप्टेंबर २०२५

ती. दिगंबरकाका,

नमस्कार सवयीचा, राग खरा.

आपल्या बागेतल्या झिन्फान्डेल द्राक्षांची साखर या आठवड्यात चढायची, ती उतरली. वायनरीच्या डेबीने आज दोनदा मोजून सांगितलं. वर म्हणाली, द्राक्षं खायला छान आहेत. वाइनवाल्याला यापेक्षा मोठी शिवी नाही!

बाग तुमच्यावर सोपवून मी आश्लेषाताईच्या डोहाळजेवणाला विमानाने प्लेनोला काय गेले, तुम्ही ठिबकचा व्हॉल्व्हच उघडलात? इथल्या रेताड मातीत वेल तहानलेला राहतो, दिवसभर तापतो, संध्याकाळी डेल्टाकडचा गार वारा खातो. त्यातूनच मणी लहान राहतात आणि रस दाट होतो. तो तुम्ही पातळ केलात. पहिल्यांदाच बाटलीवर आपल्या बागेचं नाव यायचं होतं. आता डेबी म्हणते, हा माल मोठ्या टाकीत जाईल, चार गावच्या द्राक्षांत मिसळून, बिननावाचा.

फोन कट करता, म्हणून मेल करतेय.

लोभ असावा, पाणी नसावं.

यामिनी

क्युपर्टिनो, ३ सप्टेंबर

चि. यामिनी,

आशीर्वाद, आज जरा हात आखडून.

तेवढं पाण्याचं बघा, असं एअरपोर्टवर तूच म्हणालीस. आमच्या पिंपळगावात याचा अर्थ पाणी द्या असाच होतो. तुझ्या डेव्हिसच्या वाइन-कॉलेजात दुसरा शिकवत असतील. मणी करवंदाएवढे, पानं मलूल! अंगठ्याएवढं थॉम्पसन पिकवणाऱ्या घरातल्या माणसाने हे नुसतं बघत बसायचं? काकूसुद्धा म्हणाली, पोरीच्या बागेला कुणी नावं ठेवायला नकोत. शाबासकी राहिली बाजूला, वर शिव्या!

रागावलेला, तरी तुझाच,

काका

लोडाय, ४ सप्टेंबर

ती. काका,

सा. न.

व्हॉल्व्ह बंद आहे ना, तेवढं बघा, असं माझ्या मनात होतं. शब्द माझा चुकला, मान्य. पण यार, सॉफ्टवेअरमध्ये जन्म घालवलेल्या माणसाने एक मेसेज टाकून विचारायचं नाही? थॉम्पसन पेटीत शोभावं म्हणून फुगवतात. झिन्फान्डेलचे घड मुळातच घट्ट. मणी फुगले की एकमेकांना चेपतात, फुटतात, सडतात. आज सकाळपासून सडके घड कापतेय आणि प्रत्येक घडामागे तुमचं नाव घेतेय.

डेबीने तोडणी पुढे ढकलली आहे. ऊन-वारा टिकला तर साखर चढेल, असं तिला वाटतं. पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा मोजणार. काकूला घेऊन या. तोवर माया करा, पण लांबून.

शुक्रवारी साखर चढलेली निघाली तर शनिवारी पहाटे तोडणी, आणि बाटलीवर आपलं नाव. नाहीतर शुक्रवारीच दुपारी टाकीवाल्यांचा ट्रक येईल.

तुमची,

यामिनी