डाव्या बुटाचा कागद

३ ऑगस्ट, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण नवे साहेब. डेपोचे मॅनेजर होऊन तीन महिने झाले नाहीत, तोवर माझ्या खिडकीत कॉम्प्युटर बसवायचा म्हणतात. मी म्हटलं, हरवलेल्या वस्तूंचा विभाग मी सव्वीस वर्षं सांभाळते. कुठली छत्री कुठल्या बसमध्ये सापडली, कुठल्या फळीवर आहे, सगळं इथे आहे. आणि कपाळावर बोट ठेवलं. साहेब म्हणाले, तिथे बॅकअप नाही, बाई. वर हसले.

शेवटी ठरलं ते असं. ३१ तारखेला दहा वस्तू. कुठे सापडली, कुठे ठेवलीय, कुणाची, ते मी तोंडी सांगायचं, कॉम्प्युटरने पडद्यावर. मी हरले तर खिडकी त्याची, आणि मी वरच्या मजल्यावर पासांवर शिक्के मारायला. इतिहासात बी.ए. झालेल्या बाईने शिक्के मारायचे!

५ ऑगस्ट

कॉम्प्युटरबरोबर एक कारकूनही पाठवलाय. पन्नाशीचा, तिकीट खिडकीवरून बदलून आलेला. पाणी पिऊन आला तरी वहीत लिहितो. त्याचं नाव टिपणदास ठेवलं. ज्याला डोकं नाही त्याला वही. (ही वही वेगळी. मी मागची पानं उघडूनही बघत नाही.)

७ ऑगस्ट

बारा नंबरच्या बसमध्ये पुरुषी बूट सापडले. दोन्ही बूट वर्तमानपत्रात वेगवेगळे गुंडाळलेले. डावा मी सोडला, उजवा टिपणदासने. डाव्याच्या कागदावर आरोग्याचं सदर. मधुमेह झालेल्या उंदरांना म्हणे माशाचं तेल दिलं, तर ते भुलभुलैयातून वाट पटापट शोधू लागले. पुढे लिहिलंय, "त्यामुळे माणसांनी", आणि कागद फाटलेला.

शहाण्याला अर्धं वाक्य पुरतं. त्यामुळे माणसांनी माशाचं तेल घ्यावं आणि बाकीची कटकट सोडावी. मला मधुमेह होऊन नऊ वर्षं झाली. उंदराला जमतं ते मला न जमायला काय झालं?

८ ऑगस्ट

बाटली आणली. साठ कॅप्सूल. औषधवाला विचारतो, डॉक्टरांनी सांगितलंय का? म्हटलं, उंदरांनी सांगितलंय. त्याने बिल फाडलं.

शास्त्र सोपं आहे. भांड्याला तेल लावलं की पाक चिकटत नाही. मेंदूचंही तेच. यांना समजावलं, तर म्हणाले, मग पाक ओततेसच कशाला? रसायनशास्त्रात नवऱ्याची गती पहिल्यापासून बेताची. यांनाही मधुमेह आहे. रोज सकाळी तासभर चालतात आणि साखर मोजून कॅलेंडरवर लिहितात. जणू दुधाचा हिशोब.

निश्चय: रोज दोन कॅप्सूल, चहाबरोबर. चहाबरोबर क्रीमची बिस्किटं चालतील, तेल आहे. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या एकाआड एक.

१२ ऑगस्ट

रक्ताचा रिपोर्ट आणला. पाकीट उघडलं नाही. तेलाला जरा वेळ द्यावा, मग उघडावं. निळ्या कापडी पिशवीत ठेवलंय, बाटलीशेजारी. यांच्या चष्म्याची दांडी सैल झालीय, तोही दुरुस्तीला द्यायला पिशवीत टाकला. घरातलं सगळं माझ्याच डोक्यावर.

१४ ऑगस्ट

निळी पिशवी दिसत नाही. यांनी धुवायला टाकली असणार. विचारलं तर म्हणाले, तू कामावर नेली होतीस. वर विचारतात, माझा चष्मा पाहिलास का? स्वतःचा चष्मा सांभाळता येत नाही आणि मला पिशवीचं सांगतात! यांच्या मेंदूचं काही खरं नाही.

तेलाची दुसरी बाटली आणली. हुशार माणूस साठा करून ठेवतो.

१७ ऑगस्ट

स्मरणशक्ती लखलखीत. एक बाई खिडकीशी आल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत लाल छत्री काढून समोर ठेवली. त्या डबा विचारायला आल्या होत्या म्हणे. गोंधळलेल्या होत्या बिचाऱ्या. छत्री घेऊन गेल्या. टिपणदास म्हणाला, बाई, ती छत्री त्यांची नव्हती. म्हटलं, मग नेली कशी?

२० ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंचा फोन. रिपोर्ट अजून दाखवला नाही म्हणून. मला अजून मिळालाच नाही तर दाखवणार काय? तडक लॅबमध्ये गेले आणि लॅबवाल्याला चार शब्द सुनावले. त्याने रजिस्टर पुढे केलं. बारा तारखेला माझी सही. हुबेहूब माझी. खोटी सही करणारे हुबेहूबच करतात, नाहीतर उपयोग काय?

कपडे सैल व्हायला लागलेत. तेलाचा गुण. न चालता!

२४ ऑगस्ट

तहान फार लागते. पाय झिणझिणतात, म्हणजे रक्त जोरात वाहतंय. दुपारी खिडकीत डोळे मिटून उजळणी करत होते. उघडले तर माझी खुर्ची लोकांना दिसणार नाही अशी वळवलेली, शेजारी पाण्याचा ग्लास. टिपणदास! आगाऊ.

संध्याकाळी त्याने टेबलाखालून एक निळी पिशवी काढली आणि हळू आवाजात विचारलं, बाई, ही ओळखीची वाटते का? मी लगेच ओळखलं, माणूस परीक्षेआधी पेपर फोडतोय. म्हटलं, मला असली मदत नको. काय सांगायचं ते ३१ ला सांगेन. त्याने पिशवी परत आत ठेवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

३० ऑगस्ट, रविवार

उद्या परीक्षा. पूर्ण तयारी. चष्मा नाही म्हणून हे कॅलेंडर हातभर लांब धरून साखर लिहितात. आजचा आकडा उद्याच्या चौकोनात पडला. हसू आवरलं नाही.

३१ ऑगस्ट, दुपारी १

जिंकले! जवळजवळ.

साहेब, दोन ड्रायव्हर, कॅन्टीनवाला, सगळे जमले. पहिल्या सहा वस्तू धडाधड. सातवी लाल छत्री. कॉम्प्युटर म्हणाला फळीवर आहे, फळीवर नव्हती. कॉम्प्युटर खोटा पडला. आठव्या-नवव्या वस्तूला उजेड नीट नव्हता.

दहावी निळी पिशवी. टिपणदास म्हणाला, साहेब, ही राहू द्या, दुसरी घेऊ. साहेब म्हणाले, का? बाई घाबरल्या? मी पिशवी ओढलीच. आत बिस्किटांचा अर्धा पुडा, बंद पाकीट, पुरुषी चष्मा आणि तेलाची बाटली. बाटलीचं सीलसुद्धा फोडलेलं नाही! मी म्हटलं, मालकीण डोळ्यांसमोर उभी आहे. औषध विकत घ्यायचं आणि घ्यायला विसरायचं. नवऱ्याचा चष्मा हरवायचा, आणि वर त्यालाच वेंधळा म्हणायचं. असल्या बाईला एकटीला घराबाहेर सोडू नये. ड्रायव्हर टाळ्या पिटत होते.

साहेबांनी विचारलं, नाव काय त्या बाईचं? टिपणदासने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, नाव नोंदवलेलं नाही, साहेब. आणि पिशवी मिटली.

कॉम्प्युटरला नाव सांगता आलं नाही! साहेब म्हणाले, बघू, आणखी एक महिना देऊ.

सायंकाळी ६

सगळे गेल्यावर टिपणदासने पिशवीतलं पाकीट माझ्यासमोर उलटं करून ठेवलं. वर माझं नाव आहे.

मग ड्रॉवरमधून उजव्या बुटाचा कागद काढला, घड्या हाताने सपाट केलेल्या. वाक्याचा उरलेला अर्धा भाग त्यावर आहे. "औषधं आणि चालणं सोडू नये. उंदरांना जे लागू पडलं ते माणसांना पडेलच असं नाही." विचारलं, इतके दिवस का दिला नाहीत? म्हणाला, दोनदा काढला होता, बाई, पण तुम्ही ओरडता. मग विचारलं, एवढं लिहिता कशाला? म्हणाला, आईची साखर रोज लिहायचो, ती गेली, सवय राहिली.

घरी येऊन यांना चष्मा दिला. कुठे सापडला, विचारलं नाही. लावला. माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. म्हणाले, "अगं, किती वाळलीस तू!"

दुसरी बाटली पाहिली. साठातल्या छप्पन्न शिल्लक.

१ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी यांच्याबरोबर चालले. कोपऱ्यापर्यंत. तिथे बाक आहे, बरा आहे.

पाकीट डॉक्टरीणबाईंसमोर उघडलं. साखरेची तीन महिन्यांची सरासरी अकराच्या वर, हवी सातच्या आत. त्या ओरडल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, साखर इतकी चढली की डोकंही धूसर होतं. तेलाचं नंतर बघू, आधी गोळ्या, रोजच्या रोज. किती सुधारेल? म्हणाल्या, खाली आणल्याशिवाय कसं सांगू?

डेपोत गेल्यावर साहेबांना सांगितलं, दहावी पिशवी माझी होती. छत्रीचंही सांगितलं. या वेळी ते हसले नाहीत.

पिशवी सोडवायला ओळखीचा कागद लागतो. नियम माझाच, सव्वीस वर्षांचा. टिपणदासने कागद मागितला, मी दाखवला, सही केली. खिडकी त्याच्या ताब्यात दिली.

दुपारपासून वरच्या मजल्यावर. दोनशे पासांवर शिक्के मारले, एकही वाकडा नाही. शेवटच्या पासाला बघितलं तर शिक्क्यावर कालची तारीख.

टिपणदासकडून कोरी वही मागून आणली. पहिल्या पानावर लिहिलं: सकाळी गोळी. मग तारीख बदलणे.