वन्संच्या अर्जातली कबुतरं

तीर्थरूप वन्सं,

साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून कुरकुरतो, तेव्हा नमस्कार उभ्यानेच घातलाय असं समजा.) तुमची कंबर कशी आहे? फोनवर तुम्ही "बरी आहे" म्हणालात, पण ज्या सुरात म्हणालात त्यावरून ती बरी नाही हे मी ओळखलं. शेक घेत जा आणि कपाटाची खालची फळी आवरायला वाकू नका. त्या फळीवर काय आहे याची कुणीही चौकशी करत नाही. इकडे सगळं ठीक. दुकान चालू आहे, लेक तिच्या नोकरीच्या गावी मजेत आहे, तुमचे बंधुराजही मजेत आहेत. आमचा घटस्फोटाचा अर्ज एकदाचा दाखल झाला. तो कसा झाला हे तुम्हाला बंधुराजांकडून कळण्याची वाट बघाल तर बघतच बसाल, म्हणून मीच लिहायला घेतलंय.

वकील करायचा नाही हे माझं पहिल्यापासून ठरलेलं होतं. चष्म्याच्या दुकानात बसून, "मला सगळं स्वच्छ दिसतं" असं ठासून सांगणाऱ्या माणसांना नंबर लागलाय हे पटवून देण्यात माझी अर्धी हयात गेली. एका न्यायाधीशांना पटवणं त्यापुढे काय जड? बंधुराजांचा विरोध नव्हताच. त्यांचा कशालाच नसतो. मला आता वेगळं राहायचंय असं मी पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, "तुला काय वाटतं?" लेकीला हे सांगितलं तर ती आधी खूप हसली आणि मग माझ्या जेवणाची चौकशी करायला लागली. वन्सं, तुमचा भाऊ वाईट नाही हे मी तुम्हाला काय सांगणार! पण पडद्यांच्या रंगापासून सासूबाईंच्या ऑपरेशनपर्यंत प्रत्येक वेळी ठरवायचं मी, आणि शेजारी पिशवी धरून उभं राहायचं त्यांनी. चुकलं तर माझं, बरोबर आलं तरी माझंच. घरात माणूस असून एकटीने राहण्यापेक्षा सरळ एकटीनेच राहावं, असं मला वाटायला लागलं. घरातून काय न्यायचं, काय ठेवायचं तेही ठरलं. (शिलाई मशीन माझं, रेडिओ त्यांचा.) फक्त तुम्ही कुणाच्या वाट्याला, एवढं ठरेना. त्याबद्दल खाली लिहीन. धीर झाला नाही तर नाही लिहिणार.

आता अर्जाचं. तुमच्या घटस्फोटाच्या अर्जाची कीर्ती मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. न्यायाधीशांनी तो दोनदा वाचला आणि "अर्ज असा लिहावा" म्हणाले, हे तुम्ही स्वतः, तुमच्या स्वभावाप्रमाणे अगदी मोजक्या शब्दांत, घरातल्या प्रत्येक कार्यात सांगितलेलं आहे. तुमची प्रत घर बदलताना हरवली, पण कोर्टात मूळ कागद असणारच. म्हणून तुम्हाला न विचारता (विचारलं असतं तर तुम्ही स्वतःच लिहून दिला असता, आणि मला माझा माझा करायचा होता) मी जिल्हा न्यायालयाची रेकॉर्ड रूम गाठली. तळमजल्यावर, जिन्याखालून आत. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, आणि एका टेबलामागे रेकॉर्डवाले बाबा. त्यांनी विचारलं, "पक्षकार तुमच्या कोण?" मी म्हटलं, नणंद. "आणि नक्कल कशासाठी हवी?" म्हटलं, तिच्या भावाला सोडायचंय. बाबांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि गठ्ठ्यात तोंड घातलं.

पण गठ्ठा सापडेना, कारण बाबांचा चष्मा नाकावर थांबेना. एक काडी सैल, दुसरी दोऱ्याने बांधलेली. आता हे बघून मी गप्प बसणार का? पर्समध्ये छोटा स्क्रूड्रायव्हर असतोच. मी म्हटलं आणा इकडे, मिनिटाचं काम. आणि माझ्या हातून, माझ्या हातून वन्सं, ती काडी कटकन मोडली. बाबा नुसते बघत राहिले. म्हणजे माझ्या दिशेने बघत राहिले. शेवटी मी माझा स्वतःचा चष्मा त्यांच्या नाकावर चढवला. तुमच्या नशिबाने आमचे नंबर जवळपासचे निघाले. बाबांना मांडण्या अशा स्वच्छ दिसायला लागल्या की तुमचं प्रकरण हा हा म्हणता हातात आलं. नवी काडी बसवून त्यांचा चष्मा आणून देईपर्यंत माझा त्यांच्याकडेच राहू दे, असं मी मोठ्या मनाने सांगितलं. नक्कल तयार झाली, शिक्का बसला, आणि मी तशीच आंधळ्यासारखी बाहेर टायपिस्टकडे गेले.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. टायपिस्टला मी मोठ्या झोकात सांगितलं, नावं, पत्ते, तारखा बदला, बाकी मजकुराला हात लावू नका, तो नावाजलेला आहे. तुमच्या आधीच्या यजमानांनी झोपायच्या खोलीत कबुतरं पाळली होती हे मला माहीत होतं. ती अर्जातही असतील हे डोक्यात आलं नाही. टाइप केलेला कागद मी डोळ्यांपुढे धरला, मला त्यावर सुबक करड्या ओळी दिसल्या, आणि मी सही केली. बंधुराजांनीही खाली "मान्य आहे" म्हणून सही केली. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता, पण मी पुढे केलेला कागद ते वाचत नाहीत.

तारखेच्या दिवशी आम्ही एकाच बाकावर बसलो होतो. त्यांनी माझ्यासाठी चहा आणला, बशीने झाकून. आत बोलावणं आलं. न्यायाधीशबाई माझ्याच वयाच्या, सर्दीने बेजार झालेल्या. त्यांनी अर्ज वाचता वाचता भुवया वर केल्या आणि मोठ्याने वाचायला लागल्या, "सामनेवाले सकाळी उठल्यावर प्रथम कबुतरांची विचारपूस करतात, त्यानंतर वर्तमानपत्राची, आणि अर्जदाराची करायची राहून जाते." माझे कान तापले. बाईंनी बंधुराजांना विचारलं, "हे खरं आहे?"

"हो," बंधुराज म्हणाले.

"किती कबुतरं आहेत तुमच्याकडे?"

तुमचा भाऊ माझ्याकडे वळला आणि अगदी मायेने म्हणाला, "किती आहेत गं?"

कोर्टात हशा पिकला. पट्टेवाल्याने तोंड भिंतीकडे केलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, तुम्ही कबुतरं पाळता की नाही?" बंधुराज म्हणाले, "तसा पाळत नाही. पण हिने लिहिलंय म्हणजे काही विचार करूनच लिहिलं असेल." मी उभी राहून सगळं सांगून टाकलं, चष्मा, काडी, तुमची कीर्ती, सगळं. बाई नाक पुसत ऐकत होत्या. मग मला म्हणाल्या, "कबुतरं काढा. हे आत्ता इथे जे झालं ना, ते लिहून आणा. तेवढं पुरेल."

घरी आल्यावर मी चष्मा लावून (हो, बदलून आणला) तुमची नक्कल पहिल्यांदा नीट वाचली. कबुतरांचं तुम्ही कार्यात सांगता तेव्हा सगळे हसतात, मीही हसते. अर्जातलं ते वाक्य एकटीने वाचताना हसू आलं नाही. त्यातली कबुतरं सोडली तर वाक्य माझंच आहे. तुम्ही इतकी वर्षं ते हसत हसत सांगत आलात, आणि मी एकदाही विचारलं नाही की वन्सं, तेव्हा तुमच्याजवळ कोण होतं?

असो. नवा अर्ज मी माझ्या हाताने लिहिलाय, कुणाचीही नक्कल न करता, आणि तो उत्तम झालाय. माझी अजिबात काळजी करू नका. मला कशाचीही गरज नाही.

तुमची भावजय
(पुढच्या तारखेपर्यंत तरी कायद्याने)

ता.क. कोर्टाने पुढच्या तारखेआधी आम्हाला समुपदेशक बाईंकडे बसायला सांगितलंय. प्रत्येकाने आपल्या बाजूचं एक जवळचं माणूस आणायचं आहे. माझ्या माहेरी आता कोणी उरलं नाही हे तुम्ही जाणताच. तुम्ही माझ्या बाजूने याल का? बोलायचं काही नाही, नुसतं शेजारी बसायचं. कंबरेसाठी उशी मी आणीन. कोर्टाचा कागद झाल्यावर तुम्हाला काय म्हणायचं हे मी पुष्कळ शोधलं, दुसरं काही तोंडात बसत नाही. वन्संच म्हणणार आहे. चालेल ना?

दुसरा ता.क. मी लिहीत असताना बंधुराज मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताईला लिहितेच आहेस तर माझ्या बाजूने कोणी यायचं तेही विचार. तिलाच बोलाव." म्हणून कर्तव्य म्हणून कळवते की तुम्हाला त्यांच्याही बाजूने बोलावणं आहे. विचार करून ठरवा. फक्त माझं बोलावणं आधी लिहिलंय, आणि त्यांचंही मीच लिहिलंय, एवढं लक्षात असू द्या.