मागच्या सीटचा पट्टा

११ फेब्रुवारी

हिचं कपाट आवरायला शेवटी मेव्हणी आली. पाच महिने मी टाळत होतो. "भाऊजी, तुम्ही बाहेर बसा, मी बघते." तिने दोन ढीग केले, द्यायचे आणि ठेवायचे. थोड्या वेळाने सगळं ठेवायच्या ढिगात जायला लागलं. मग ती रडायला लागली. मी चहा केला.

तपकिरी पर्समध्ये, चष्मा पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली एक चिठ्ठी. शहराबाहेरच्या उड्डाण मैदानाची. "जायरोकॉप्टर प्रशिक्षण. पहिला धडा. तारीख फोनवर ठरेल." खाली हिचं नाव. तारीख गेल्या जूनची. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या केमोच्या मधली.

मेव्हणीला दाखवली.

"हे काय असतं?"

"छोटं विमान. उघडं असतं. वर हेलिकॉप्टरसारखी पाती."

"आमची ताई? विमान चालवणार होती?" आणि इतकी हसली! मीही हसलो.

१२ फेब्रुवारी

एकोणतीस वर्षांचा संसार. मला माहीत नव्हतं.

१३ फेब्रुवारी

बाजारातून परत येताना त्या मैदानाचं कुंपण लागतं. ही स्कूटरवर मागे, मांडीवर पिशव्या. कुंपण आलं की म्हणायची, "थांबू या का?" दर वेळी हीच. मी थांबायचो. मान वर करून बघत बसायचो, एखादं उतरेपर्यंत. ही शेजारी उभी. मला वाटायचं, पिशव्यांनी पाय अवघडला असेल.

बघायचं तिला होतं तर. आणि मी एकदाही विचारलं नाही, तुला जायचंय का वर?

२० फेब्रुवारी

लेकीचा फोन. तिला चिठ्ठीचं सांगितलं. "बाबा, काहीतरीच! आईला झोपाळ्यावर चक्कर यायची."

"म्हणूनच कदाचित."

"म्हणूनच काय?"

जेवलात का, काय जेवलात, किती जेवलात, यावर गाडी गेली.

२६ फेब्रुवारी

नाव रद्द करायला मैदानावर गेलो. पत्र्याची मोठी शेड, दाराशीच एक वजनकाटा. शिकवणारा माणूस साठीचा, किडकिडीत, हात ऑइलने काळे. सगळे त्याला मास्तर म्हणतात.

"वजन?"

"नाही, मी एक नाव रद्द करायला..."

"नाव नंतर. आधी वजन. व्हा उभे."

हॉस्पिटलच्या काट्यावर दर खेपेला हिला उभं करायचे. अठ्ठावन्न. त्रेपन्न. सत्तेचाळीस. त्यानंतर मी कुठल्याच काट्यावर पाय ठेवला नव्हता. आज ठेवला. एकाहत्तर! दहा वर्षं मी शहात्तरवर होतो, ना वर ना खाली.

मास्तरांनी वहीत फक्त आकडा लिहिला. "मला नावं राहत नाहीत. माणसं किलोत लक्षात राहतात. यंत्रालाही तेवढंच कळतं."

मी चिठ्ठी दिली. ही गेल्याचं सांगितलं. त्यांनी टोपी काढली. मग म्हणाले, "जूनची वही माळ्यावर असेल. काढू का?" मी नको म्हटलं. "मग रद्द करू?"

आणि मी काय बोललो! "तिच्या जागी मी बसलो तर?"

मास्तर वर-खाली बघत राहिले. "एकाहत्तर आणि माझे त्रेसष्ट. उचलेल."

५ मार्च

गेलो. विद्यार्थी पुढे, मास्तर मागे. बाजूला काही नाही, दार नाही, काच छातीपर्यंत. पट्टा तीनदा तपासला.

मला वाटत होतं वरची पाती इंजिन फिरवतं. नाही. इंजिन पाठीमागे, ते नुसतं पुढे ढकलतं. वरची पाती निघताना एकदा वेगात आणून द्यायची, मग सोडून द्यायची. पुढे ती वाऱ्यावरच फिरतात. "म्हणजे इंजिन बंद पडलं तर?" "तर खाली येऊ. पाती फिरत राहतात, हळू येऊ. दगडासारखे नाही, पानासारखे."

वर गेल्यावर काय दिसलं ते आठवत नाही. स्वतःचे गुडघे दिसले.

कानात मास्तरांचा आवाज, "एकाहत्तर! आहात का?"

"आहे."

"मग श्वास घ्या की! हेडफोनात तुमचा श्वासच ऐकू येत नाही. मला वाटलं गेलात!"

खरं होतं. ही कामाची सवय. मी कवळ्या बनवतो. मेणात दात बसवताना श्वास रोखावाच लागतो, हात हलला की दात वाकडा. तीस वर्षं अशीच गेली. मास्तरांना सांगितलं. म्हणाले, "इथे रोखलात तर तुमचेच दात पडतील, श्वास सोडा."

९ मार्च

मेव्हणीचा फोन. "भाऊजी, खरंच गेलात? या वयात?" मग हळूच, "कसं वाटलं?"

२ एप्रिल

पाचवा धडा. यंत्र वळवायचा दांडा धरण्यात मास्तर माझ्यावर खूश आहेत. बाकीचे नवे लोक मुठीत आवळतात म्हणे, मी दोन बोटांनी धरतो. "दातवाल्याचा हात!"

पण श्वास? रोखतोच. मास्तरांनी उपाय काढला, मोठ्याने बोलायचं. जे करतो ते सांगायचं. "आता डावीकडे वळतोय. आता वेग बघतोय." बोलणारा माणूस श्वास रोखू शकत नाही.

मी दिवसाला दहा वाक्यंही बोलत नाही. ही असतानाही सात-आठच. ती बाकीची बोलायची.

१४ एप्रिल

लेक आली. आल्या आल्या माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे बोट. "नवं भोक पाडलंत?" मग पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे पाठ करून, "बाबा, आई गेली. मला आता एकच माणूस उरलंय. ते उघड्या खुर्चीत बसून आकाशात फिरतंय."

मी म्हटलं, आईचं राहिलेलं आहे ते. एकट्याने एकदा उडेन. तिच्या नावचं पूर्ण होईल. मग बंद.

"नक्की?"

"नक्की."

"चिठ्ठीवर तिचं नाव आहे म्हणून? बाबा, ती चक्कर आली की रिक्षातून उतरून चालत जायची."

पोळी करपली. दोघांनी वाटून खाल्ली.

७ मे

मोठी चूक. वेग कमी झाला, घाबरलो आणि दांडा पुढे लोटला. क्षणभर अंग हलकं झालं, सीटवरून उचलल्यासारखं. मागून मास्तरांनी लगेच सावरलं. कधी ओरडत नाहीत, आज ओरडले.

खाली आल्यावर शांतपणे समजावलं. पात्यांवर आपलं वजन टांगलेलं असतं तोवरच ती नीट फिरतात. दांडा लोटला की वजन निघून जातं, आणि मग कुणाच्या हातात काही राहत नाही. "अंग हलकं वाटलं की समजा, चुकतंय. अंग जड लागलं पाहिजे."

दिवसभर मेण वितळवलं, एकही दात धड बसला नाही.

१८ मे

नाही गेलो.

२५ मे

नाही गेलो. डॉक्टरांकडून आलेल्या तीन कवळ्या पूर्ण केल्या. एका आजोबांना पूर्वीसारखी फट हवी आहे पुढच्या दोन दातांत. "नाहीतर बायको ओळखणार नाही" असा निरोप पाठवलाय. फट ठेवली.

१ जून

मास्तरांचा फोन. "एकाहत्तर, पुढची सीट थंड पडलीय."

गेलो.

२२ जून

आज लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

सकाळची हवा स्थिर होती. तळ्यावरून वळलो. खाली कुंपण, कुंपणाशी एक माणूस सायकल धरून उभा, मान वर. मी हात हलवला! त्यानेही हलवला. मी हसत होतो. मोठ्याने. मास्तर म्हणाले, "वा, आज श्वास आहे."

उतरल्यावर स्कूटरपाशी आलो आणि लाज वाटली. आवडलं मला. मला आवडलं! हे तिचं होतं. तिला मिळालं नाही, आणि मी ते तिच्या पर्समधून काढून घेतलं आणि वर मजा करतोय.

घरी येऊन चिठ्ठी पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवली.

६ जुलै

वैद्यकीय तपासणी झाली. डोळे ठीक, कान ठीक, रक्तदाब बरा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झोप?" म्हटलं, येते. हल्ली येते, हे लिहिताना लक्षात आलं.

२० जुलै

मास्तर म्हणतात पुढच्या महिन्यात एकट्याने. लेकीला कळवलं. "मग बंद ना?" हो म्हटलं. मैदानावर येते म्हणाली. तिकीटही काढलं.

एकदा एकट्याने, मग बंद. शब्द दिलाय. आणि बरंही. आवडत राहिलं तर मी तोंड कुठे लपवू?

१७ ऑगस्ट

आज.

काट्यावर चौऱ्याहत्तर. मास्तर कुरकुरले, "आता नवीन नाव पाठ करा!"

पाती तपासली, पेट्रोल तपासलं. शेवटी मास्तर म्हणाले, मागचा पट्टा बांधा. मला कळेना, मागे कुणी बसणार नाही तर पट्टा कशाला? "म्हणूनच. मोकळा राहिला तर वर उडतो आणि मागच्या इंजिनाच्या पंख्यात जातो. रिकाम्या सीटचा पट्टा आधी बांधायचा, मग आपला."

बांधला. घट्ट ओढला. मास्तर तोवर दुसरीकडे बघत उभे होते.

लेक कुंपणाशी. दोन्ही हात जाळीत.

मास्तरांचं वजन नाही, त्यामुळे माझी चाकं फार लवकर सुटली! मी अजून "आता वेग वाढवतोय" म्हणतोय तोवर झाडं खाली. दांडा जागेवर ठेवला. लोटला नाही. अंग जड होतं. सगळं वाक्यावाक्याने बोललो — आता तळ्याकडे, आता डावीकडे, आता ती शेड. कुणाला सांगत होतो ते लिहीत नाही.

एक मोठी फेरी, मग उतरलो. जरासा आपटलो. लेक धावत आली आणि आधी माझ्या दंडावर एक चापट मारली, मग गळ्यात पडली. "झालं ना आता?"

"झालं."

"तुम्ही स्वतःचा चेहरा बघायला हवा होता, बाबा."

रात्री लवकर झोपलो.

२४ ऑगस्ट

मैदानावर शेवटचा गेलो, दाखला घ्यायला. दाखल्यावर पहिल्या नोंदणीची तारीख लागते. मास्तर शिडी लावून माळ्यावर चढले, जूनची वही काढली, फुंकर मारली. बोट फिरवत आले आणि एका ओळीवर थांबले. वही माझ्यापुढे सरकवली.

हिच्या फोनची नोंद. मास्तरांच्या अक्षरात.

"७६ किलो. पुरुष. बाईंचा फोन — यजमानांसाठी. ऑक्टोबरात वाढदिवस, तेव्हा आणीन. चिठ्ठी हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवणे, घरी फोन करू नये, त्यांना माहीत नाही. म्हणाल्या, कुंपणापाशी थांबायला ते लाजतात, मलाच म्हणावं लागतं."

लेकीला फोन लावला. बंद करणार नाही, म्हटलं.

शनिवारची सातची वेळ घेतली आहे.